दयाळाच्या गाण्यावरचा प्रोजेक्ट: पुण्यातल्या परवानग्या, खर्च, रेकॉर्डिंग आणि व्हायवा

मागच्या आठवड्यात व्हायवा झाली, एमएस्सीचं शेवटचं सेमिस्टर संपलं, तर डोक्यात सगळं ताजं आहे तोवर लिहून ठेवते. शहरातल्या पक्ष्यांवर काम करायचं म्हटलं की ज्युनियर्सचे दोन प्रश्न हमखास येतात, परवानगी कुणाची लागते आणि पैसे किती जातात. मला याची उत्तरं एका जागी कुठेच मिळाली नव्हती. अर्धी सीनियर्सना विचारून मिळाली, अर्धी थेट खिडकीसमोर उभं राहून. म्हणून जरा लांबलं तरी सविस्तर लिहितेय.

विषय द्यायची मुदत ऑक्टोबर २०२४ ची होती. वर्गातल्या बऱ्याच जणांनी पाणी नाहीतर माती घेतली, कारण सॅम्पल आणलं की पुढचं काम लॅबमध्ये बसून होतं. मला पक्षीच घ्यायचे होते आणि तेही शहरातले. एकतर दर आठवड्याला भीमाशंकरला जाणं मला परवडणारं नव्हतं, आणि दुसरं म्हणजे मला मनापासून वाटतं की खिडकीबाहेरच्या पक्ष्यांकडे आपलं लक्ष फार कमी आहे. चिमणीबद्दल निदान बोललं तरी जातं, २० मार्चला चिमणी दिन असतो, पेपरात फोटो येतात. पण शिंपी, राखी वटवट्या, नाचण, चष्मेवाला हे सगळे एरंडवण्यातल्या एकाच गल्लीत राहतात आणि तिथे वीस वर्षं राहिलेल्या लोकांनाही ते माहीत नसतात.

गाईड मॅडम म्हणाल्या, सगळे पक्षी नको, एकच जात घे आणि एकच प्रश्न घे. मी दयाळ घेतला. काळा-पांढरा, शेपटी उभारून बसणारा, साळुंकीपेक्षा थोडा लहान. नर उंच जागी बसून मोठ्याने गातो, विणीच्या काळात आपली हद्द सोडत नाही, आणि मुख्य म्हणजे जुनी झाडं, थोडी मोकळी जमीन आणि एखादं भोक मिळालं की तो भर वस्तीत राहतो. बांगलादेशचा तो राष्ट्रीय पक्षी आहे. (वाचताना एक गोष्ट कळली ती सांगतेच. शास्त्रात गाणाऱ्या पक्ष्यांचा एक ठरलेला गट आहे, त्यांच्या श्वासनलिकेच्या बुडाशी असलेलं ध्वनियंत्र फार गुंतागुंतीचं असतं आणि गाणं त्यांना ऐकून शिकावं लागतं. त्या गटात कावळा येतो, आणि आपला लाडका कोकिळ येत नाही!)

प्रश्न असा होता: रस्त्याकडेचा दयाळ आणि आतल्या गल्लीतला दयाळ यांच्या गाण्यात फरक आहे का. हा प्रश्न माझ्या डोक्यातून आलेला नाही. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात ग्रेट टिट या पक्ष्यावर झालेलं काम २००३ साली छापून आलं, त्यात गोंगाटाच्या जागचे नर आपल्या गाण्यातले सगळ्यात खालचे सूर थोडे वरच्या पट्टीत गाताना दिसले, कारण ट्रॅफिकची घरघर बहुतेक खालच्या पट्टीत असते आणि तिथले सूर तीत बुडून जातात. बर्लिनच्या नाइटिंगेलवरचं २००४ चं काम तर मला फारच आवडलं, ते पक्षी कामाच्या दिवशी सकाळी मोठ्याने गात होते आणि शनिवार-रविवारी हळू. आणि २०२० मध्ये लॉकडाऊनने सॅन फ्रान्सिस्कोचे रस्ते शांत झाले तेव्हा तिथल्या चिमणीसारख्या एका पक्ष्याचं गाणं लगेच हळू झालं आणि त्याचे सूर खालीही उतरले. आपल्याकडे यात एक वेगळी भर आहे, हॉर्नची. हॉर्न सलग नसतो, अचानक येतो आणि वरच्या पट्टीपर्यंत पसरतो. त्याचं काय होतं हे मला बघायचं होतं.

आता परवानग्या. माझ्या मनात आधी पक्ष्यांच्या पायात रंगीत कडी घालायची होती म्हणजे कोण कोणता नर ते कळेल. मॅडमनी पहिल्याच मीटिंगला समजावलं की पक्षी पकडायचा म्हटलं की वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो, कलम १२ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, त्यांचं ऑफिस नागपूरला, शिवाय कडी घालायचं रीतसर ट्रेनिंग हवं. एका सेमिस्टरमध्ये हे बसत नाही. अभयारण्यात जाऊन अभ्यास करायचा तरी वनखात्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते. मी पक्ष्याला हात लावणार नव्हते, पिंजरा-जाळी काही नव्हतं, अभयारण्य नव्हतं, फक्त बघणं आणि आवाज रेकॉर्ड करणं. तरीही आम्ही वनविभागाला माहितीसाठी एक पत्र दिलं आणि त्याची पोच घेतली, आणि ती पोच पुढे खूप कामी आली.

पोच हा शब्द पाठ करून ठेवा. कुठेही पत्र द्याल तर दोन प्रती न्या, एक त्यांना, दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का, तारीख आणि सही घ्या. मी नोव्हेंबरच्या शेवटी कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र करून घेतलं, मराठीत एक आणि इंग्रजीत एक. मराठी पत्रच जास्त वापरलं गेलं. मजकूर साधा होता: नाव, कोर्स, विषय, कोणत्या भागात, कोणत्या महिन्यांत, किती ते किती वाजता, हातात कोणती उपकरणं असतील, पक्ष्यांना पकडणार नाही, खाणं टाकणार नाही, घरट्याजवळ जाणार नाही, माणसांचं बोलणं रेकॉर्ड झालंच तर तो भाग काढून टाकीन. खाली गाईडचा फोन नंबर. हा नंबर फार महत्त्वाचा, बऱ्याच जणांनी खरंच फोन करून खात्री केली.

महापालिकेच्या बागेत बाग उघडायच्या आधी आत जायचं होतं, म्हणून उद्यान विभागाकडे अर्ज केला. साधारण तीन आठवड्यांनी उत्तर आलं, त्यात अटी होत्या, ओळखपत्र गळ्यात हवं, झाडावर काही बांधायचं नाही, माळ्यांच्या कामात अडथळा नको. तीन आठवडे ऐकायला बरे वाटतात, पण मध्ये नाताळ आणि सुट्ट्या येतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या पुढे ढकलू नका. पोलीस चौकीतही पत्र दिलं. तिथल्या हवालदार मॅडमनी पत्र पूर्ण वाचलं आणि विचारलं, "पहाटे पाचला एकटी फिरणार का तू? घरून कोण येणार?" मी म्हटलं बाबा येतील. त्या म्हणाल्या मग ठीक, आणि चौकीचा नंबर पत्राच्या मागे लिहून दिला. मुलींनी हे जरूर करा. सुरुवातीला बाबा रोज आले, नंतर वॉचमन, दूधवाले, पेपरवाले ओळखीचे झाल्यावर जागा सुरक्षित वाटायला लागल्या.

सोसायट्यांचा अनुभव वेगळा. सरकारी पत्रांपेक्षा मला याचं टेन्शन जास्त होतं. पहिल्या सोसायटीने सरळ नाही म्हटलं, दुर्बीण घेऊन कुणी आवारात नको, एवढंच कारण. मला तेव्हा वाईट वाटलं पण विचार केला तर त्यांचं चुकलं नाही, दुर्बिणीचं तोंड कुठे आहे हे लांबून कळत नाही. दुसऱ्या ठिकाणी मी आधी सेक्रेटरींना भेटले, ते म्हणाले, रविवारी मीटिंग आहे, पाच मिनिटं बोला. मी मोबाईलवर दयाळाचं गाणं वाजवलं आणि विचारलं, हे कुणी ऐकलंय का. जवळपास सगळ्यांनी ऐकलं होतं! एक काकू म्हणाल्या, "अगंबाई, हा का? मला वाटलं कोणीतरी पोपट पाळलाय." पंधरा मिनिटं त्यावरच बोलणं झालं आणि एनओसी त्याच दिवशी सही-शिक्क्यासकट हातात आली. तर माझा सल्ला, कागद पुढे करायच्या आधी आवाज ऐकवा. फक्त मीटिंग हॉलमध्ये दारं लावून ऐकवा. बाहेर झाडाखाली रेकॉर्डेड गाणं वाजवलं की नराला वाटतं हद्दीत दुसरा कुणी आला, तो सगळं सोडून भांडायला येतो. विणीच्या काळात हे अजिबात करू नये असं माझं ठाम मत आहे, कितीही छान फोटो मिळत असला तरी.

खर्चाचं एकदाच सांगून टाकते. सेकंडहँड रेकॉर्डर ६,५०० रुपये, माइकवर घालायचं केसाळ कव्हर ४५०, मेमरी कार्ड ६००, चार्जिंगचे सेल आणि चार्जर १,४००, स्कूटीचं पेट्रोल अंदाजे २,५००, झेरॉक्स-प्रिंट-बाइंडिंग १,९००. म्हणजे साडेतेरा हजारांच्या आत. दुर्बीण कॉलेजची. आवाज मोजायचा मीटरही कॉलेजचा, तो आदल्या संध्याकाळी रजिस्टरवर सही करून न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या आत परत. मीटरबरोबर कॅलिब्रेटर असतो, तो ९४ डेसिबलचा ठरलेला आवाज काढतो, मोजायच्या आधी आणि नंतर त्याच्यावर तपासून आकडा वहीत लिहायचा. नुसत्या मोबाईल ॲपचे आकडे परीक्षक धरत नाहीत. रेकॉर्डर घेणं ज्यांना जमत नसेल त्यांनी मर्लिन या पक्ष्यांचे आवाज ओळखणाऱ्या ॲपवर रेकॉर्ड केलं तरी सुरुवात होते, फाइल वेव्ह फॉरमॅटमध्ये सेव्ह होते. एमपी३ मात्र नको, त्यात आवाजाचा काही भाग कापला जातो. आणि मर्लिनने दाखवलेल्या नावांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका, दयाळ दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, त्यामुळे जो पक्षी तिथे नाही त्याचंही नाव येऊ शकतं.

जानेवारीत जागा ठरवल्या. कर्वे रोडच्या जवळच्या दोन, प्रभात रोडच्या आतल्या गल्ल्यांतल्या दोन, आणि ती बाग. आणि मग फेब्रुवारी आला, जो माझ्यासाठी सगळ्यात अवघड गेला. कारण दयाळ गातच नव्हता. थंडीत तो असतो तिथेच, खाली पालापाचोळ्यात किडे शोधतो, सीं-सीं असा बारीक आवाज काढतो, पण गाणं नाही. इकडे प्रोजेक्ट जमा करायची तारीख मे महिन्याच्या शेवटी. रोज पहाटे उठून जायचं आणि रिकाम्या कार्डाने परत यायचं. रडूही आलं एकदोनदा. मॅडम म्हणाल्या, हा वेळ नकाशाला दे, कुठे कुठला नर बसतो, कुठल्या अँटेनावर, कुठल्या शेंड्यावर, ते सगळं कागदावर काढ. तेच केलं, आणि पुढे त्या नकाशाशिवाय काही झालं नसतं. फेब्रुवारी संपता संपता एक नर अर्धवट गुणगुणायला लागला, आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात सगळीकडे सुरू झालं.

मार्चमध्ये पुण्यात सूर्य साधारण पावणेसातला उगवतो, एप्रिलअखेर सहा-सव्वासहाला. दयाळ त्याच्या बराच आधी, अंधारातच चालू होतो. मी साडेपाचला जागेवर असायचे. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे सकाळी सहाला दिवस धरतात, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. म्हणजे त्याच्या गाण्याचा सगळ्यात भरातला वेळ कायद्याने रात्रीतच मोडतो, आणि कर्वे रोडला सहाच्या आधीही ट्रक, टेम्पो चालूच असतात.

एक नर मला कायम लक्षात राहील. रस्त्याकडेच्या तीन मजली बिल्डिंगवर जुनी डिश अँटेना होती, त्याच्यावर तो बसायचा. गायच्या आधी शेपटी वर, मग खाली, मग मान थोडी ताणून सुरू. एक लकेर दोन-तीन सेकंदांची, मग थोडी गॅप, मग दुसरी लकेर, ती पहिलीसारखी नसायची. त्या गॅपमध्ये रस्त्यापलीकडचा नर उत्तर द्यायचा. आणि बस गेली की काय व्हायचं ते मी पुन्हा पुन्हा बघितलं, कधी तो थांबायचा, बस पुढे गेली की अडलेली तान नव्याने घ्यायचा, आणि कधी थांबायचाच नाही, चोच उघडलेली दुर्बिणीतून स्पष्ट दिसायची, गळ्याची पिसं थरथरायची, आणि हेडफोनमध्ये मला नुसतं इंजिन ऐकू यायचं. तो गात होता आणि मला ऐकू येत नव्हतं. मग पलीकडच्या नराला तरी काय ऐकू येत असेल, हा विचार तिथे उभं असताना नीट पोचला, पेपर वाचताना पोचला नव्हता.

वेळेच्या नोंदींसाठी मला सगळ्यात जास्त मदत तिथल्याच लोकांनी केली. त्या बिल्डिंगचे वॉचमन काका रात्रपाळीचे, त्यांना विचारलं तर म्हणाले, "ताई, तो आधी पार्किंगच्या पत्र्यावर बोलतो, मग वर जातो." मी येण्याआधी काय होतं ते त्यांनाच माहीत होतं. आणि प्रभात रोडच्या गल्लीत एक आजी होत्या, त्यांना पहाटे झोप लागत नाही, त्या रोज पहिली शीळ ऐकली की कालनिर्णयच्या चौकटीत पेनाने वेळ लिहायच्या. एप्रिलचं पान त्यांनी मला फाडून दिलं, मी परिशिष्टात त्याचा फोटो लावलाय, त्यांची परवानगी घेऊन. लोकांच्या अशा नोंदी वापरायच्या असतील तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीचा संमतीचा फॉर्म असतो, तो मराठीत करून घ्या आणि सही आधी घ्या.

धुळवडीला, १४ मार्चला मी गेले नाही. पण ३० मार्चला गुढीपाडवा रविवारी आला, आणि पहाटे कर्वे रोड इतका मोकळा मी आधी पाहिला नव्हता. अँटेनावरच्या नराचं पूर्ण गाणं, अगदी शेवटच्या बारीक सुरापर्यंत, मला त्या दिवशी पहिल्यांदा स्वच्छ मिळालं. सात वाजता ढोल सुरू झाले, पण तोवर माझं काम झालं होतं.

एप्रिलमध्ये एका ठिकाणी फांद्या छाटायचं काम निघालं, आणि तिथे भिंतीला लागून असलेल्या जुन्या गुलमोहराच्या ढोलीत दयाळाच्या मादीने घरटं केलेलं. घरटं बांधणं आणि उबवणं मादी करते, नर पहारा देतो आणि पिल्लं झाली की भरवायला येतो. तो तेव्हा चोचीत अळ्या घेऊन येत होता, म्हणजे आत पिल्लं होती. मी तिथल्या सोसायटीच्या कमिटीला एक पानाचं पत्र दिलं. वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे त्यात पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना धक्का लावणं हेसुद्धा येतं, हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं. मी ते वाक्य पत्रात घातलं, पण वर लिहिलं की पिल्लं उडेपर्यंतच थांबा, फार दिवसांचा प्रश्न नाही. सेक्रेटरींनी ठेकेदाराला त्या झाडापुरतं थांबवलं. पिल्लं उडाली, मग छाटणी झाली. माझ्या पूर्ण प्रोजेक्टमध्ये मला सगळ्यात जास्त समाधान कशाचं असेल तर याचं.

मे महिना घरात बसून विश्लेषण. रेवन लाइट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात आवाजाचं चित्र दिसतं, आडवा वेळ आणि उभी सुराची पट्टी, म्हणजे सूर किती वरचा ते. इथे एक मोठा धोका आहे आणि तो मॅडमनी आधीच सांगितला म्हणून वाचले. गोंगाटाच्या रेकॉर्डिंगमध्ये गाण्यातले खालचे, हलके सूर ट्रॅफिकच्या राखाडी पट्ट्यात दिसेनासे होतात, आणि डोळ्याने मोजलं तर गाणं वरूनच सुरू होतंय असं वाटतं. म्हणजे पक्ष्याने काहीच बदललं नसलं तरी तुमच्या आकड्यांत बदल दिसतो. त्यासाठी डोळ्याने न मोजता, सगळ्यात मोठ्या सुरापासून ठरावीक डेसिबल खाली कुठली पट्टी येते ते घ्यायचं, आणि जिथे ट्रॅफिकच त्या पातळीच्या वर आहे ते तुकडे सरळ बाद करायचे. माझं कर्वे रोडचं बरंचसं रेकॉर्डिंग असं बाद झालं. जीवावर आलं पण केलं. फाइलींची नावं बहिणीने बदलून नुसते नंबर दिले होते, म्हणजे मोजताना कुठली जागा ते मला नावावरून कळू नये. आणि रोजच्या रोज दोन ठिकाणी बॅकअप, हे सांगायला नकोच.

व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, एका नराची शंभर गाणी घेतली तर तुमचे नमुने शंभर का एक? उत्तर आहे एक. मी प्रत्येक नराची सरासरी काढून तेवढेच आकडे वापरले होते, त्यामुळे तिथे अडले नाही. पण त्यामुळे नमुना डझनभरच राहिला, आणि कड्या नसल्याने तोच नर आहे हे मी हद्दीवरूनच धरलेलं. म्हणून मी निष्कर्षात रस्त्याकडेचे दयाळ वरच्या पट्टीत गातात असं लिहिलं नाही. कल तसा दिसतो, ठामपणे म्हणता येत नाही, असंच लिहिलं. सर म्हणाले, हे वाक्य ठेव, काढू नकोस.

आता उरलेलं काम चालू आहे. चांगली रेकॉर्डिंग झेनो-कँटो या पक्ष्यांच्या आवाजांच्या वेबसाइटवर टाकतेय, माणसांचे आवाज कापून, घरट्याची नेमकी जागा न देता. पक्ष्यांच्या याद्या रोजच्या रोज ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर गेल्याच होत्या. सोसायटीला चार पानांचा मराठी सारांश दिला, त्यांनी तो नोटीस बोर्डवर लावलाय. वनविभागाला आणि उद्यान विभागाला एकेक प्रत दिली आणि दोन्हीची पोच फाइलला लावली, पुढच्या वर्षी कुणी अर्ज करेल तेव्हा आधीच्या कामाचा दाखला म्हणून ती जोडता येईल. ज्यांना पुढच्या मार्चला रेकॉर्डिंग करायचंय त्यांनी दिवाळीची सुट्टी संपली की लेटरहेडवरचं पत्र करून घ्या, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सगळीकडे पोचवा, आणि जानेवारीत नकाशा काढायला बाहेर पडा.